काम आवरताना जपा : नर्सिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

रक्त घेऊन झालंय. ट्यूब भरली, टुर्निकेट सोडलं, सुई बाहेर आली. डाव्या हातातला कापसाचा बोळा रुग्णाच्या कोपरावर दाबलेला, उजव्या हातात उघडी सुई, आणि शार्प्स बॉक्स, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात शेजारच्या बेडवरून हाक येते. सुई टोचते ती फार वेळा अशाच क्षणी. शीर शोधताना नजर, हात आणि मन तिन्ही सुईवर असतात. काम झालं असं वाटून मन पुढच्या रुग्णाकडे वळतं आणि वापरलेली सुई अजून हातातच असते, तेव्हा घात होतो.

या व्यवसायातले बरेच धोके याच जातीचे आहेत. गाऊन आणि ग्लोव्हज घालताना जंतू लागत नाहीत, काढताना लागतात. चौघांनी ठरवून उचललेल्या रुग्णापेक्षा 'जरासं वर सरकवू' म्हणत एकट्याने ओढलेल्या रुग्णाने जास्त पाठी मोडल्या आहेत. म्हणून पुढे कामापेक्षा काम आवरण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

रुजू होण्याआधी

पहिली ड्युटी लागण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू झालेली हवी. नेहमीचं वेळापत्रक तीन डोसचं : पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. डोस संपले की बहुतेकजण थांबतात आणि तिथेच चुकतात. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ती तपासणी, करून घ्या. आकडा 10 किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण मिळालं. पुढे काही वर्षांनी तो उतरला तरी निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. 10 च्या खाली आला तर तीन डोस पुन्हा आणि टायटरही पुन्हा. दुसऱ्या खेपेलाही प्रतिसाद आला नाही तर तुमच्यासाठी सुई टोचल्यावरचा उपचार वेगळा असतो, आणि हे त्या रात्री नव्हे, आधी कळलेलं बरं. टायटर पाच-सात वर्षांनी केला आणि आकडा कमी आला, तर प्रतिसाद मुळात आलाच नव्हता की येऊन ओसरला, हे सांगता येत नाही. त्यामुळे वेळेवर करा.

गोवर, गालगुंड, रुबेला या एकत्रित लसीचे दोन डोस झालेत का ते पाहा. कांजिण्या होऊन गेल्या नसतील तर त्याही लसीचे दोन डोस लागतात. या दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर त्या किमान महिनाभर आधी उरका. फ्लूची लस दर वर्षी, धनुर्वात-घटसर्पाची दर 10 वर्षांनी. क्षयरोगाची सुरुवातीची तपासणीही आत्ताच करून ठेवा, म्हणजे पुढे काही निघालं तर ते कामावर आल्यानंतरचं आहे हे दाखवता येतं. या सगळ्या कागदांचा फोटो फोनमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता ऑफिसचं कपाट कुणी उघडून देत नाही.

सुई

इंजेक्शन द्यायला जाताना ट्रेमध्ये आधी काय ठेवायचं? शार्प्स बॉक्स. औषध, सिरिंज, कापूस नंतर. बॉक्स रुग्णाजवळ, तुमच्या हाताच्या टप्प्यात, डोळ्यांच्या पातळीखाली आणि सुईच्या हाताच्या बाजूला हवा. शरीरावरून हात आडवा नेऊन सुई टाकावी लागता कामा नये. बॉक्स तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. त्याच्यावर भरला की आतल्या सुया तोंडाशी येऊन उभ्या राहतात आणि पुढच्याचं बोट त्यांच्यावर जातं. तो बॉक्स हलवून, दाबून 'जागा करणं' तर अजिबातच नको.

वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती वाकवायची नाही, सिरिंजपासून हाताने वेगळी करायची नाही. सिरिंजसकट बॉक्समध्ये. तुमच्याकडे सुई कापण्याचं किंवा वेगळी करण्याचं उपकरण असेल तर तेही बेडपाशीच हवं. सुई उघडी घेऊन वॉर्डभर चालत जाण्यात त्या उपकरणाचा सगळा फायदा बुडतो. काही कामात टोपण लावल्यावाचून इलाज नसेल, तर टोपण सपाट जागी आडवं ठेवा, दुसरा हात मागे घ्या आणि एकाच हाताने सुईच्या टोकाने ते उचला. टोपण हातात धरून सुई त्यात घालायला गेलात की नेम चुकल्यावर सुई थेट दुसऱ्या हाताच्या तर्जनीत किंवा अंगठ्यात जाते.

आयव्ही कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) लावताना आतली सुई बाहेर आल्यावर एक हात कॅन्युला धरून असतो, दुसऱ्याला टेप लावायची घाई असते, आणि सुई चादरीवर 'क्षणभर' ठेवली जाते. ती तिथेच राहते. मग चादर बदलणाऱ्याला टोचते, नाहीतर कचरा उचलणाऱ्या मावशींना. म्हणून टेपचे तुकडे आधी कापून तयार ठेवा, सुई बाहेर आली की तिला थेट बॉक्स दाखवा आणि मग टेप लावा. सेफ्टी कॅन्युला असेल तर टोक झाकल्याचा क्लिक होईपर्यंत हात थांबू द्या. मूल, भ्रमिष्ट किंवा झटके येणारा रुग्ण असेल तर धरायला दुसरं माणूस असल्याशिवाय सुई उघडूच नका.

पोकळ सुईत रक्त साठून राहतं, टाके घालायच्या भरीव सुईत तेवढं राहत नाही. म्हणून रक्त काढलेली जाड पोकळ सुई सगळ्यात धोक्याची. ग्लोव्हज सुईला अडवत नाहीत, पण आत जाताना तिच्यावरचं काही रक्त पुसून घेतात. तेवढ्यासाठीही ते घालायला हवेत.

टोचलीच तर

घाबरायला होतंच, पण आकडे माहीत असले की डोकं ठिकाणावर राहतं. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात सुमारे 3. हिपॅटायटिस सीची शंभरात 2 किंवा त्याहूनही कमी. हिपॅटायटिस बीची मात्र, लस न घेतलेल्या माणसात, शंभरात 6 पासून 30 पर्यंत. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि बीकडे दुर्लक्ष करतात. वाळलेल्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आठवडाभर तग धरू शकतो.

1. हातातलं काम थांबवा, रुग्ण दुसऱ्याच्या ताब्यात द्या. ग्लोव्हज काढा.
2. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. त्याने पेशींना इजा होते आणि फायदा काहीच नाही. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाईनने काही मिनिटं डोळा धुवा; कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्ससकट धुवा, मग ती काढून पुन्हा धुवा. तोंडात गेलं तर थुंका आणि वारंवार चुळा भरा.
3. इन्चार्जला लगेच सांगा. ड्युटी संपल्यावर नाही. वेळ, सुईचा प्रकार, किती खोल गेली, सुईवर रक्त दिसत होतं का, ग्लोव्हज होते का, कोणत्या रुग्णाची, हे तेव्हाच लिहून काढा. दोन तासांनी आठवण पुसट होते.
4. रुग्णाची, त्याच्या संमतीने, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी. तुमचं रक्तही त्याच दिवशी द्या. ही तुमची शून्य दिवसाची नोंद.
5. एचआयव्हीचा धोका दिसत असेल तर प्रतिबंधक औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत, कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. रुग्णाचा रिपोर्ट यायला उशीर असेल तर डॉक्टर पहिला डोस आधी देतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला की औषध थांबवता येतं. कोर्स 28 दिवसांचा. मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी सोडून देणारे बरेच असतात. मळमळीवर औषध मागा, कोर्स सोडू नका.
6. बीची लस झालेली नसेल, किंवा लस घेऊनही टायटर 10 पर्यंत आलाच नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं, शक्यतो 24 तासांत. लस न झालेल्यांना तिचा पहिला डोसही त्याच वेळी, वेगळ्या जागी.
7. सीवर लस नाही आणि प्रतिबंधक औषधही नाही. मात्र वेळेवर कळला तर गोळ्यांच्या काही आठवड्यांच्या कोर्सने तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. म्हणून पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. साधारण सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने या टप्प्यांवर रक्त द्यावं लागतं; नेमक्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोवर रक्तदान नाही आणि शरीरसंबंधात कंडोम.

न सांगण्याची कारणं ठरलेली असतात : ओरडा बसेल, 'नवीन आहे, नीट जमत नाही' असं म्हणतील, रुग्ण तर चांगला दिसत होता. चेहऱ्यावरून विषाणू दिसत नाही. आणि नोंद नसेल तर सहा महिन्यांनी काही निघालं तरी ते कामावर लागलं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

हात, आणि हाताची कातडी

1847 मध्ये व्हिएन्नात याकोब कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याचा चाकू लागला आणि त्या संसर्गाने ते गेले. त्यांच्या शरीरात दिसलेले बदल बाळंतज्वराने दगावलेल्या बायकांसारखेच आहेत, हे त्यांचे सहकारी इग्नाझ सेमेलवाइस यांना उमगलं आणि हात धुण्याचा आग्रह तिथून सुरू झाला. रुग्णांना वाचवणारी ही सवय आली ती रुग्णालयात काम करणाऱ्या एकाच्या जखमेतून.

हँडरब (हात चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) पुरेसा घेऊन 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी 40 ते 60 सेकंद. हात दिसायला मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब असतील तर साबण-पाणीच, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. गरम पाणी टाळा, कोमटच वापरा. हात चोळून नव्हे, टिपून कोरडे करा. ओल्या हातावर ग्लोव्हज चढवले की आठवडाभरात बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात, भेगांमुळे हँडरब झोंबतो, झोंबतो म्हणून तो टाळला जातो. ड्युटीच्या आधी आणि नंतर सुगंध नसलेलं मलम लावा. लॅटेक्सच्या ग्लोव्हजनंतर अंगावर गांधी उठणं, शिंका किंवा दम लागणं असं झालं तर ती खरी अॅलर्जी असू शकते आणि पुढच्या वेळी ती जिवावर बेतू शकते. नायट्राइल ग्लोव्हज मागा आणि नोंद करा.

हवेतून येणारं

दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन. असा क्षयाची शंका असलेला रुग्ण दाखल होताना थुंकीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. त्याला सर्जिकल मास्क द्या, तुम्ही एन-95 लावा. सर्जिकल मास्क बाजूंनी उघडा असतो. तो समोरच्याला तुमच्यापासून वाचवतो, हवेत तरंगणाऱ्या क्षयाच्या जंतूपासून तुम्हाला नाही. एन-95 लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताने चिमटा काढला तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली किंवा गालाला हवा लागली तर पुन्हा बसवा. दाढीवर एन-95 बसत नाही, वादच नको. सक्शन, नेब्युलायझर, थुंकीचा नमुना, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन ते चालू करण्याचा प्रयत्न) ही कामं सगळ्यात जोखमीची. खिडकी उघडा आणि अशी उभी राहा की वारा तुमच्याकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर जाईल.

काढण्याचा क्रम पाठ करा. आधी ग्लोव्हज : मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा काढा, तो दुसऱ्या मुठीत ठेवा, मोकळं बोट दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा करा. हँडरब. मग गॉगल, कानामागच्या काड्यांना धरून. गाऊनच्या गाठी सोडा, तो खांद्यापासून आतल्या बाजूने गुंडाळत काढा. खोलीबाहेर या, आणि मगच मास्क : खालचा पट्टा आधी, वरचा नंतर, समोरच्या बाजूला हात न लावता. पुन्हा हँडरब. बारा तासांच्या ड्युटीनंतर मास्क ओढून खाली घ्यावासा वाटतो. तो मोह आवरा.

पाठ

अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने रुग्ण हाताने उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा सुमारे 16 किलो आहे, तीही सगळं अनुकूल असताना. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतका असतो. म्हणजे 70 किलोच्या रुग्णाचा एक पाय ड्रेसिंगसाठी उचलून धरणं हेच 11-12 किलोचं काम, आणि 100 किलोच्या रुग्णाचा एक पाय मर्यादा गाठतो. 'योग्य पद्धतीने वाका' एवढ्या सल्ल्याने पाठ वाचत नाही, हे लक्षात ठेवा. वजन कमी करावं लागतं, घर्षण कमी करावं लागतं आणि माणसं वाढवावी लागतात.

रुग्णाला बेडवर वर सरकवायचंय, हे दिवसातून सगळ्यात जास्त वेळा होतं. आधी आडवं झोपवणं त्याला चालतं का ते पाहा. नाकातल्या नळीने फीड चालू असेल तर थांबवा. कॅथेटर, ड्रेन, सलाईनच्या नळ्या मोकळ्या करा. बेडचा ब्रेक लावा. बेड तुम्हा दोघांपैकी बुटक्या माणसाच्या कमरेइतका वर घ्या. यात दहा सेकंद जातात म्हणून हेच वगळलं जातं. रुग्णाला कुशीवर वळवून स्लाइड शीट (सरकवण्यासाठीची गुळगुळीत चादर) खाली घाला. ती नसेल तर निदान मजबूत ड्रॉ शीट (रुग्णाखाली आडवी घातलेली चादर). रुग्णाला हनुवटी छातीला लावायला आणि जमत असेल तर गुडघे वाकवून टाचा रोवायला सांगा. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून शीट रुग्णाच्या अंगालगत घट्ट गुंडाळून धरा, एक पाय मागे, एक पुढे. एकानेच मोजायचं. तीन म्हटल्यावर मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर न्या. हात ताठ धरले तर ओढ पायांतून येते. कोपर वाकवून वर उचलायला गेलात की भार कंबरेच्या खालच्या मणक्यांवर जातो. काखेत हात घालून ओढणं बंद करा. त्याने रुग्णाचा खांदाही निखळू शकतो.

चालताना रुग्ण कोसळू लागला तर त्याला सावरून धरायचा प्रयत्न करू नका. पाय फाकवून त्याच्या जवळ व्हा, त्याला तुमच्या मांडीवरून घसरत खाली बसू द्या आणि डोकं तेवढं सांभाळा. आतून सगळं ओरडत असतं की पकडा. पण पडणाऱ्या माणसाचा हिसका कंबर वळलेली असताना आला, तर एका झटक्यात चकती सरकू शकते. पाठदुखीसोबत पायात मुंग्या, पंजा उचलता न येणं, लघवी अडणं यांतलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

रसायनं, किरणं आणि गरोदरपण

सांडलेल्या लघवीवर क्लोरीनची पावडर किंवा ब्लीच थेट टाकू नका, विषारी वायू सुटतो. आधी टिपून घ्या, मग निर्जंतुक करा. ग्लुटाराल्डिहाइडचं (उपकरणं निर्जंतुक करायच्या द्रावणाचं) भांडं झाकणाचं हवं आणि खोलीत हवा खेळती हवी. डोळे चुरचुरणं ही सुरुवात असते, पुढे दमाही होऊ शकतो.

कॅन्सरच्या पेशीनाशक औषधांना दोन जोड ग्लोव्हज आणि मागून बांधायचा, द्रव न झिरपणारा गाऊन. गोळी कुटायची नाही. सिरिंज लुअर-लॉकची (सुई फिरवून घट्ट बसणारी), तीन-चतुर्थांशाहून जास्त न भरलेली. सलाईनच्या नळीतली हवा औषध जोडण्याआधी साध्या सलाईननेच काढून घ्या. औषध दिल्यावर निदान 48 तास रुग्णाच्या लघवी-उलटीतही ते असतं, आणि बेडपॅन रिकामं करताना नेमका हाच विसर पडतो. सांडलं तर लोकांना दूर करा, कडेकडून मध्याकडे पुसा.

वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे आला की निदान दोन मीटर मागे सरा. अंतर दुप्पट झालं की किरणं चौथाईवर येतात. एक्स-रे संपला की खोलीत काही उरत नाही. रुग्णाला धरण्याचं काम तुमच्याकडे सवयीने येऊ देऊ नका. लेड अॅप्रनची घडी घातली की आत भेगा पडतात. तो टांगूनच ठेवा.

गरोदर असल्याचं लवकर कळवा. पोट दिसेपर्यंत वाट पाहिली तर किरणं, पेशीनाशक औषधं आणि कांजिण्यांचे रुग्ण यांपासून दूर राहण्याचे सगळ्यात महत्त्वाचे आठवडे हातचे गेलेले असतात.

रात्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. नोकरीत रात्री टळत नाहीत, पण त्यांची मांडणी मागता येते : सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकणारी पाळी शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपी जाते. पहिल्या रात्रीआधी दुपारी दीड तास झोपा. मधल्या ब्रेकमध्ये 20 मिनिटांची डुलकी चालते. जास्त वेळ झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं. झोपायच्या सहा तास आधी चहा-कॉफी थांबवा. पहाटे तीन ते पाच डोकं सगळ्यात मंद चालतं. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम या वेळी दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय देऊ नका, आणि सुईबाबतही याच वेळी जास्त जपा. डोळे मिटत असताना गाडी चालवून घरी जाऊ नका.

पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. लघवीची जळजळ वारंवार होणाऱ्या नर्सेस बरेचदा या सवयीमुळे हैराण असतात. पाय दुखत असतील तर दाब देणारे मोजे सूज चढण्याआधी, ड्युटीच्या सुरुवातीला घाला.

माणसांकडून होणारा त्रास

आवाज चढतो, मुठी आवळतात, नातेवाईक येरझाऱ्या घालतो. हे दिसलं की दोन हात अंतर ठेवा आणि तुमच्या व दाराच्या मधे कुणी येऊ देऊ नका. सावकाश, छोट्या वाक्यांत बोला, नियम ऐकवू नका, आणि मदतीला हाक मारायला लाजू नका. गळ्यात स्टेथोस्कोप किंवा न तुटणारी ओळखपत्राची दोरी नको. तीच धरून ओढली जाते. शिवीगाळीचीही लेखी नोंद करा. 'आजारी माणूस आहे, जाऊ दे' म्हणून सोडलेल्या दहा घटना कागदावर शून्य दिसतात आणि सुरक्षारक्षक वाढत नाही.

सीपीआर अपयशी ठरल्यावर पाचच मिनिटांत पुढचा बेड तयार करावा लागतो. त्या रात्री टीमने दहा मिनिटं बसून काय झालं ते बोलावं, दोष न काढता. झोप उडणं, रुग्णांविषयी काहीच न वाटणं, ड्युटीच्या विचाराने पोटात गोळा येणं हे महिनाभर टिकलं तर मदत घ्या. आणि झोपेसाठी वॉर्डच्या ट्रॉलीतली गोळी एकदाही घेऊ नका. औषध हाताशी असणं हाही या व्यवसायाचा धोका आहे.

निघताना

युनिफॉर्म वॉर्डातच बदला, वेगळ्या पिशवीतून न्या, घरच्या कपड्यांपासून वेगळा, चालेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. बुटांचा जोड कामाचाच ठेवा. पिशवीत भरण्याआधी खिसे उलटे करून पाहा : सुईची टोपणं, ब्लेड, फुटलेल्या अँप्यूलचं टोक, अर्धवट गुंडाळलेलं बटरफ्लाय (पंखांची बारीक सुई). काही निघालं तर घरच्या कचऱ्याच्या डब्यात नको. वॉर्डात परत जा आणि बॉक्समध्ये टाका.